न्हाई सांगायची खुर्ची

साहेब,

तुमच्या मातीला माणसं कमी होती. हे तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो. पिंपळगाव रेणुकाईचे तुमचे भाऊबंद होते, सोयरेधायरे होते, देवळाच्या पारावर बसणारी म्हातारी माणसं होती. पण कंपनीतून कोण? शेठ, ड्रायव्हर नामदेव, मी आणि हिशेबाच्या खात्यातले दोघं. एवढी मोठी बियाण्याची कंपनी, सीझनला गेटातून आत शिरायचं म्हणजे धक्काबुक्की, आणि तिच्या मॅनेजरला पोचवायला एक जीप पुरली. तीही भरली नव्हती, मागं जागा होती.

आणि तिथं झालं काय? शेठ रडले. हमसून हमसून रडले, त्यात खोटं बिलकुल नव्हतं. मंग काय विचारता! अख्खं गाव शेठभोवती. "शेठ, धीर धरा." "शेठ, तुमचा उजवा हात गेला हो." कोणी खुर्ची आणली, कोणी पाण्याचा तांब्या आणला. तिकडं काकू ओसरीच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्याजवळ दोनच बाया. मला असा संताप आला म्हणून सांगू! आधी गावावर आला, मंग शेठवर आला आणि शेवटी तुमच्यावरच येऊन थांबला. मेल्यावरसुद्धा सगळा मान शेठच्या पदरात टाकून मोकळे झालात.

परत येताना राजूरच्या अलीकडं शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सुधाकर, आता ती खुर्ची तूच सांभाळ. घरचा म्हणावा असा दुसरा कोण उरलाय मला?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. हरभऱ्याची रानं मागं जात होती. नामदेवनं आरशातून माझ्याकडं एकदा पाहिलं आणि लगेच नजर रस्त्याला लावली. त्याला कळलं होतं कोणती खुर्ची ते.

त्या खुर्चीत बसायचं का, आणि बसलं तर तिथून खरं बोलता येतं का, एवढाच सवाल आहे माझ्यापुढं. याच गोष्टीवर आपण वर्षानुवर्षं भांडलो. म्हणजे मी भांडलो, तुम्ही चहा पीत राहिलात.

आपल्या शेठना 'न्हाई' म्हणता येत नव्हतं. हे मी टिंगल म्हणून सांगत नाही. तोतरं असतं एखादं माणूस, तसं ते होतं. समोर माणूस उभा राहून काही मागायला लागला की शेठचा चेहरा असा मऊ व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं आणि तोंडातून 'हो' निघून जायचा. पण कंपनी काही नुसत्या 'हो'वर चालत नाही. म्हणून शेठनी मॅनेजर ठेवला होता. समोरच्याला 'हो' म्हणायचं आणि शेवटी म्हणायचं, "जाताना उत्तमरावला भेटून घ्या." की तुम्ही, म्हणजे उत्तमराव, आत जायचे, दोन मिनिटांत बाहेर यायचे आणि त्या माणसाला सांगायचे, "न्हाई."

मी पहिला झटका खाल्ला तो बहिणीच्या लग्नाला. डिस्पॅचला लागून वर्षही झालं नव्हतं. लग्न मे महिन्यात, म्हणजे ऐन माल सुटायच्या दिवसांत. मी दबकत दबकत आत गेलो. शेठ खुर्चीतून उठून उभे राहिले. "अरे वा! तुझी बहीण ती माझी बहीण. आठ दिवस जा. जीप घेऊन जा, मंठ्याला पाहुणे आणायला लागेल ना? जाताना उत्तमरावला भेटून घे." माझे पाय जमिनीवर नव्हते. तुम्ही आत गेलात, बाहेर आलात आणि उभ्या उभ्या म्हणालात, "जीप न्हाई. सुट्टी दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ट्रक भरायचेत." तेव्हा तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला मी मनातल्या मनात. देवमाणूस मालक आणि त्याच्या दाराशी हा कुत्रा बसलाय, असंच वाटलं.

लग्नाला शेठ स्वतः आले. मोठा आहेर केला, बाबांचा हात हातात घेऊन अर्धा तास बसले. बाबा पुढं कैक वर्षं सांगायचे, मालक असावा तर असा. तुम्हीही आला होतात, एसटीनं. बाबांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "हाच का रे तो, जीप न दिलेला?" मी मान हलवली. तुम्हाला कोणी पुढं बसवलं नाही. तुम्ही पंगतीत बसून जेवलात, नवरा-नवरीवर अक्षता टाकल्यात आणि कोणाला न सांगता परतीची गाडी पकडलीत. दुसऱ्या दिवशी मला विचारलंत, "बुंदी कोणत्या आचाऱ्याची होती? चांगली होती." बस, एवढंच.

मंग माझं टेबल तुमच्या केबिनबाहेर आलं आणि मला ही सगळी मशीन आतून दिसायला लागली. शेठचा 'हो' खरा असला की तो शेठच्याच हातून मिळायचा. पगारवाढीचं, मुलाच्या दवाखान्यासाठी जीप द्यायचं, दिवाळीच्या कपड्यांचं, सगळं त्यांच्या हातून. तुमच्याकडं फक्त उरलेलं यायचं. आणि तुम्हालासुद्धा शेठ 'न्हाई' असं म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "उत्तमराव, जरा समजावून सांगा त्याला." मी कितीदा दाराआडून ऐकलं. समजावून सांगा म्हणजे काय, हे तुम्ही दोघांनी कधी बोलून ठरवलं होतं का आपोआप ठरलं, हे विचारायचं राहून गेलं.

लोकांनी तुम्हाला 'फाटक' नाव ठेवलं होतं. रेल्वेचं फाटक. शेठकडून गाडी सुटली की इथं येऊन अडकायची. "फाटक पडलं का रे?" असं गडी एकमेकांना विचारायचे आणि हसायचे. तुम्हाला नाव माहीत होतं. एकदा तुम्हीच मला म्हणालात, "फाटकाला शिव्या देऊन राह्यले, पण फाटक नसलं तर कटतील ना." मला तेव्हा हसू आलं होतं.

पण गेटावर मोर्चा झाला त्या दिवशी हसू आलं नाही. पावडरच्या खात्यात पंखे बसवायची मागणी होती. बियाण्याला दवा लावतात ते खातं. लाल भुकटी उडते, नाकातोंडात जाते, संध्याकाळी बाया थुंकल्या तरी लाल पडतं. शेठनी पंख्यांना 'हो' म्हटलं होतं आणि तुम्ही 'न्हाई' म्हणून आला होतात. मंग काय, शंभर-सव्वाशे माणसं गेटाशी जमली आणि घोषणा काय? "शेठ झिंदाबाद! उत्तमराव मुर्दाबाद!" मी आणि तुम्ही वरच्या खिडकीत उभे होतो. मी तुमच्याकडं बघायला घाबरत होतो. तुम्ही कान देऊन ऐकलंत आणि म्हणालात, "तो पुढचा पोरगा कोण आहे रे? आवाज चांगला आहे त्याचा." आणि खाली बसून सह्या करायला लागलात.

संध्याकाळी शेठ गेटाशी गेले, सगळ्यांना चहा पाजला, दोन पंखे बसवून दिले. लोकांनी त्यांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. घरी जाताना तुमच्या स्कूटरच्या दोन्ही चाकांची हवा गेलेली. तुम्ही ती ढकलत निघालात आणि मी मागून धक्का देत. भोकरदन नाक्यापर्यंत तसेच गेलो. त्या दिवशी मला वाटलं होतं, आता तुम्ही बोलाल. आता तरी फुटाल. पंक्चरवाल्यापाशी आल्यावर तुम्ही त्याला विचारलंत, "जल्दी होईल का?"

खरं सांगू, कधीकधी तुम्हीही काही कमी नव्हतात. त्या कामाची तुम्हाला चव लागली होती. न मागितलेल्या गोष्टीलाही 'न्हाई' म्हणायला लागला होतात. मी एकदा खिडकीला पडदा लावू का विचारलं, त्यालाही न्हाई. पडद्यानं तुमचं काय घोडं मारलं होतं? परवा तुमच्या घरी बसलो होतो तेव्हा काकू म्हणाल्या, "घरात बी तसंच होतं, सुधाकर. लेकरं त्यायला काही मागतच नव्हती. मलाच सांगायची, अन् मी बी विचारत नव्हते. आधीच न्हाई समजून घ्यायचो आम्ही." त्या साध्या आवाजात बोलल्या, तक्रार म्हणून नाही. तुमची धाकटी दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा कधी रागावले न्हाईत हो आमच्यावर." आणि रडायला लागली. तुम्ही असता तर मी तुम्हाला तिथल्या तिथं धारेवर धरलं असतं. कंपनीचा 'न्हाई' घरी कशाला न्यायचा?

आता आपलं खरं भांडण. वडीगोद्रीचं.

त्या दिवशी गोदामातल्या गणपतनं शेठला गोदामामागची रिकामी खोली राहायला मागितली होती. शेठ म्हणाले, बिलकुल, उद्याच ये सामान घेऊन. आणि उत्तमरावला भेटून घे. पण गणपत खुशीत तुम्हाला भेटायचंच विसरला, तडक गेटाकडं निघाला. शेठनी तुम्हाला आत बोलावलं, तुम्ही बाहेर आलात आणि त्याच्यामागं धावलात. साहेब, या वयात, ढेरी सांभाळत, एका पायातली चप्पल निसटलेली, "गणपत, ए गणपत, थांब!" असं ओरडत तुम्ही अंगण ओलांडलंत. गेटाच्या अगदी तोंडाशी त्याला गाठलंत आणि धापा टाकत सांगितलंत, "खोली न्हाई." तो तुमच्या पायाजवळ थुंकला. बियाणं निवडायच्या हॉलमधल्या बाया दारात येऊन हसत होत्या. बघा बघा, न्हाई सांगायची किती ती घाई!

दुपारी आपण बियाण्याचे प्लॉट बघायला गेलो आणि येताना वडीगोद्रीला हायवेच्या हॉटेलात थांबलो. भजे गरम होते. मला खाववेना. मी म्हटलं, "साहेब, एकदा, फक्त एकदा सांगा ना लोकांना. शेठच न्हाई म्हणले. तुमचा काय संबंध?"

"भजे खा."

"मी मस्करी करत न्हाई."

"मी बी न्हाई करून राह्यलो. थंडे झाले की तेल लागतंय."

"आणि गणपतच्या मागं धावायची काय गरज होती? उद्या सांगितलं असतं."

तेव्हा तुम्ही बशी खाली ठेवलीत. "उद्या? तो आज घरी जाणार. बायकोला सांगणार, खोली भेटली. बायको भांडे बांधायला घेणार, लेकरं उड्या मारणार, घरमालकाला दोन शब्द सुनावणार. मंग उद्या सांगू का मी? आज सांगितलं तर एका माणसाला लागतं. उद्या सांगितलं तर घरादाराला लागतं. 'हो' घराच्या उंबऱ्याला लागायच्या आत धरावा लागतो, सुधाकर."

पण पुढं मला राहवलं नाही. "ते ठीक. पण नाव कोणाचं खराब होतं? तुमचं. शेठ देव आणि तुम्ही राक्षस. खरं काय ते लोकांना कळायला नको का?"

तुम्ही हॉटेलवाल्याला अजून एक कट चहा सांगितला आणि रस्त्यावरच्या ट्रककडं बघत बसलात. मी परत विचारलं. तुम्ही म्हणालात, "चल, अंबडला अंधार होईल." मी अंबडपर्यंत तोंड फुगवून बसलो. अंबडला तुम्ही उतरून माझ्यासाठी पान घेऊन आलात, मी घेतलं नाही. ते तुम्हीच खाल्लंत. खरं म्हणजे तुम्ही पान खात नव्हतात.

पुढं कितीदा विषय काढला मी! कॉम्प्युटर आले, शेठच्या टेबलावर मोबाइल आला, कंपनीनं चार राज्यांत माल पाठवायला सुरुवात केली, पण शेठचा 'हो' आणि तुमचा 'न्हाई' तसाच चालू. मी म्हणायचो, बोला. तुम्ही म्हणायचे, चहा घे. मला तो तुमचा भित्रेपणा वाटायचा. नोकरीला चिकटून बसलाय म्हातारा, असंही वाटायचं.

पण कामाची शिकवण तुम्ही दिलीत तशी कोणी दिली नाही, हेही आजच सांगून टाकतो. 'न्हाई' उभ्यानं सांगायचा, खुर्चीत बसून नाही. चारचौघांत सांगायचा नाही. सणाच्या आदल्या दिवशी सांगायचा नाही. आणि खोटं कारण द्यायचं नाही. "कारण दिलं की माणूस कारणाशी भांडत बसतो, अन् त्याला वाटतं कारण हटलं की काम झालं. वेड्यात काढू नये कोणाला." हे तुम्ही मला टेबलापाशी उभं करून सांगितलं होतं. माझं स्वतःचं लग्न जमलं तेव्हा घर बघायला सुट्टी मागितली, तर तुम्ही शेठकडं जाऊच दिलं नाहीत. म्हणालात, "मलाच विचार. मी हो म्हणतो." माझ्या माहितीत तुमच्या तोंडून निघालेला तो एकच 'हो'. तो शेठचा नव्हता, तुमचा होता. त्याबद्दल मी तुमचे आभारही मानले नाहीत.

तर आता पुढचं ऐका.

तुमचा दहावा झाला आणि कंपनीत शेठच्या दाराशी रांग लागली. खोटं नाही सांगत, रांग! तुम्ही आजवर ज्यांना ज्यांना 'न्हाई' सांगितलं होतं ते सगळे परत आले. फाटक गेलं ना! आता गाडी अडवायला कोण आहे? गणपत आला खोलीसाठी. कोणी बदलीसाठी, कोणी पोराला लावून घ्या म्हणून. शेठनी सगळ्यांना मनापासून 'हो' म्हटलं. आणि सगळ्यांना सांगितलं, "जाताना सुधाकरला भेटून घ्या."

मी शेठकडं गेलो. म्हटलं, "शेठ, मी खुर्चीत बसतो. पण माझी एक अट आहे. जे तुमचं आहे ते तुमचंच म्हणून सांगणार. न्हाई तुमचा असला तर 'शेठ न्हाई म्हणाले' असंच सांगणार." शेठनी माझ्याकडं पाहिलं. मंग उठून आले, मला जवळ घेतलं. "अरे, का नाही? खरं तेच सांगायचं. माझी काही हरकत नाही." डोळ्यांत पाणी. मी बाहेर आलो तेव्हा छाती भरून आली होती. वाटलं, साहेब, इतकं सोपं होतं! आणि तुम्ही उगाच जन्मभर शिव्या खाल्ल्या. दारातून चार पावलं आलो आणि मंग ध्यानात आलं, की शेठनी मला 'हो' म्हटलंय. आणि तो 'हो' खरा का खोटा, हे सांगायला आता बाहेर कोणी बसलेलं नाही.

पहिली आली कौसाबाई. तुम्हाला माहीतच आहे ती. पावडरच्या खात्यात कंपनी लहान होती तेव्हापासून आहे. दम लागतो तिला, खोकते तेव्हा भिंत धरून उभी राहते. निवडीच्या हॉलमध्ये बसून काम द्या एवढंच तिचं मागणं. गेल्या सीझनला तुम्ही तिला 'न्हाई' सांगितलं तेव्हा नळावर ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "त्या फाटकाला किडे पडतील." तुमच्या मातीलाही ती आली नव्हती.

तिला सकाळीच शेठनी सांगितलं होतं, सोमवारपासून निवडीला बस. ती बाहेर पडल्याबरोबर घंटी वाजली. शेठ टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाले, "पावडरला आत्ता सीझनमध्ये दुसरं कोण आहे, सुधाकर? तिच्यासारखा हात कोणाचा नाही. सीझन होऊन जाऊ दे. जरा समजावून सांग तिला."

मी उभ्यानं सांगितलं. बाजूला घेऊन सांगितलं. "मावशी, शेठ म्हणाले, सीझन होईपर्यंत जमणार न्हाई."

ती हसली. "शेठ? शेठ तर आत्ता हो म्हणले मला."

"तुम्ही गेल्यावर म्हणाले. मला बोलावून म्हणाले."

तिचं हसू गेलं. "तुमी बी त्याच्याच वळणाचे निघाले का? खुर्ची भेटून चार दिवस न्हाई झाले अन् शेठच्या नावावर खपवायला लागले! त्यो फाटक निदान सोताच्या तोंडानं न्हाई म्हणायचा. शेठचं नाव नव्हता घालत मधी."

साहेब, मला वाटलं होतं खरं सांगितलं की संपलं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "चला मावशी. आपण दोघं आत जाऊ. त्यांच्याच तोंडून ऐका." आणि तिला घेऊन सरळ शेठच्या केबिनमध्ये गेलो. इतक्या वर्षांत तुम्ही जे एकदाही केलं नाहीत ते मी चौथ्या दिवशी केलं.

शेठनी वर पाहिलं. "या कौसाबाई, या. काय झालं?"

मी म्हटलं, "शेठ, मघाशी तुम्ही म्हणालात, मावशीला सीझनभर हलवता येणार न्हाई. ते तुम्हीच त्यांना सांगा."

शेठनी माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मंग त्यांनी मान खाली घातली आणि समोरचा पाण्याचा ग्लास नुसता इकडून तिकडं सरकवत राहिले. सत्तरीला आलेला माणूस. कान लाल झाले होते. मला वाटलं, आता बोलतील. हो म्हणतील किंवा नाही म्हणतील, पण जे असेल ते एकदाचं खरं बोलतील.

बोलली कौसाबाई. "राहू द्या शेठ, राहू द्या. माझी काही तक्रार न्हाई. मी पावडरलाच बरी हाय. म्या कुठं काय मागितलं?" आणि पदर सावरत, पाठ न दाखवता, मागं मागं सरकत दाराबाहेर गेली. जाताना मला दंडाला धरून बाहेर ओढलं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "काय केलं हे तुमी? बापासारख्या माणसाला माझ्यापुढं खाली पाहायला लावलं? माझ्या लेकीच्या बाळंतपणात त्यायनी जीप दिल्ती. मेलेल्या नवऱ्याला पाहायला घरी आल्ते ते माझ्या. अन् आज माझ्यासाठी त्यायला मान खाली घालावी लागली!"

"पण मावशी, तुमचा खोकला..."

"खोकला माझा हाय ना? म्या पाहीन माझ्या खोकल्याचं. शेठ एवढे चांगले हायेत, हे एक हाय आमच्याजवळ. ते बी तुमी काढून घ्यायला निघाले."

ती खोकायला लागली. भिंत धरून उभी राहिली. मी पाणी पुढं केलं, तिनं हात आडवा केला. दम बसल्यावर तोंडावर फडकं बांधलं आणि पावडरच्या खात्याकडं निघाली. दोन पावलं जाऊन परत वळली.

"उत्तमराव साहेब असते तर अशी पाळी आली नसती. म्या लई शिव्या घातल्या त्यायला. पण माणूस चांगला होता. सगळं सोतावर घ्यायचा."

मी शेठना सांगून आलो, ती खुर्ची मला नको, मी डिस्पॅचलाच बरा. शेठ लगेच हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांचा भाचा येऊन बसणार आहे म्हणतात, पुण्याला शिकलेला आहे. त्याला गेटापर्यंत धावायला कोण शिकवणार, मला माहीत नाही. मला ते जमणार नाही. तुम्ही वडीगोद्रीला गप्प का बसलात ते आता समजलं, आणि समजून काही बरं वाटत नाही. तुमच्यावरचा राग गेला, पण त्याच्या जागी काय आलंय ते मला नीट सांगता येत नाही.

साहेब, कंपनीतल्या माणसानं तुम्हाला चांगलं म्हटलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं. तिनं तुम्हाला साहेब म्हटलं. मी सवयीनं मागं वळून पाहिलं, तुम्ही ऐकलंत का म्हणून.